चवीपुरते मीठ

गेल्या वर्षी माघात अंत्रुज महालातील आमच्या कुलदेवतेच्या देवळात समाराधना होती. अभिषेक आटोपला होता, महानैवेद्यास अवकाश होता आणि स्वस्थ बसण्याचा आमचा स्वभाव नाही. म्हणून अग्रशाळेच्या मागील अंगास असलेल्या मुदपाकखान्याकडे आम्ही वळलो. आत सोवळे चालू असल्यामुळे उंबऱ्याबाहेरच उभे राहिलो. एक वृद्ध रांदपी (कोकणीतील हा शब्द आम्हांस 'आचारी'हून अधिक जवळचा वाटतो) पाटावर बसून काकडीची कोशिंबीर कालवण्याच्या तयारीत होता. मोठ्या परातीत बारीक चिरलेली तवशी, वर खवलेला नारळ, हिरव्या मिरचीचे तुकडे, बाजूस लिंबांची टोपली व मिठाची कुंडी. नैवेद्याची वेळ झाल्याची वर्दी येईपर्यंत त्याने मिठास हात लावला नाही. वर्दी येताच मुठीमुठीने मीठ घातले. आम्ही मोजले, तीन मुठी आणि वर अर्धी. प्रत्येक लिंबू पिळण्यापूर्वी अंगठ्याने दाबून पाहिले. काही पिळली, काही परत टोपलीत टाकली. साखर चिमटीने भुरभुरली, हिंग-मोहरीची फोडणी ओतली आणि कोपरापर्यंत धुतलेल्या हातांनी सगळे खालीवर केले. चव त्याने घेतली नाही. देवाचा नैवेद्य अजून व्हायचा होता.

न राहवून आम्ही विचारले, "मिठाचे प्रमाण कसे धरता?"

तो हसला. "मीठ हाताक कळटा, वकीलबाब, जिबेक न्हय."

तासाभराने पंगतीत पानावर ती कोशिंबीर आली, आणि तिच्यात मीठ कमी होते असे म्हणता येईना, अधिक होते असेही म्हणता येईना. शेजारी बसलेल्या आमच्या स्नेह्याने ती तीनदा मागून घेतली. आम्ही मात्र त्या उत्तराने अस्वस्थ झालो. आमचा सारा जन्म पुराव्यात गेला आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने पुराव्याचे दोन वर्ग केले, तोंडी आणि लेखी. तो कायदा २०२४ च्या जुलैत गेला व त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी ही विभागणी कायमच राहिली. रांदप्याजवळचे ज्ञान मात्र ना तोंडी, ना लेखी. त्यास ते सांगता येत नव्हते आणि कोणी लिहूनही ठेवलेले नव्हते. तरीही ते खरे होते, कारण दोनशे पानांवर ते सिद्ध झाले होते. अशा ज्ञानाचा इतिहास लिहिता येईल काय, हा प्रश्न घेऊन आम्ही बेळगावास परतलो, आणि त्यानंतर फावल्या वेळात जे वाचले व आठवले ते येथे मांडीत आहोत.

आरंभ त्या न घेतलेल्या चवीपासूनच केला पाहिजे. नैवेद्य दाखविण्यापूर्वी अन्न चाखू नये, चाखले की ते उष्टे होते, हा दंडक आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी आहे. कर्मठ घरांतून तर स्वयंपाक करणाराने वासही मुद्दाम घेऊ नये असे सांगत. या दंडकाचा धार्मिक अर्थ आपण जाणतोच. त्याचा एक व्यावहारिक परिणाम मात्र आमच्या मते पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. जी स्वयंपाकीण जिभेने तपासू शकत नाही तिला दुसऱ्या इंद्रियांकडून साक्ष घ्यावी लागते. मिठाचे वजन तळहात सांगतो, लिंबाचा रस अंगठा सांगतो, फोडणी झाली की नाही हे मोहरीच्या तडतडण्यावरून कान सांगतो, दही किती आंबले हे त्याच्या कडेला सुटलेले पाणी पाहून डोळा सांगतो. पिढ्यान् पिढ्या जिभेचा दरवाजा बंद ठेवल्यामुळे बाकीच्या खिडक्या उघडल्या गेल्या.

यातही कोशिंबिरीची परीक्षा सर्वांत कठीण. आमटी खारट झाली तर पाणी घालून आणखी एक उकळी काढता येते, भाजी अळणी राहिली तर झाकण काढून दुरुस्ती होते. कोशिंबीर चुलीवर चढत नाही. एकदा कालवली की निकाल लागला, अपील नाही. त्यात आणखी एक अट अशी की अनेक घरांत नैवेद्याच्या पानात मीठ वाढीत नाहीत. माणसाच्या पानाच्या वरच्या टोकास मीठ व लिंबाची फोड असते, कमी वाटले तर त्याने घ्यावे. देवाच्या पानात ती सोय नाही. म्हणजे पदार्थ जसा आला तसाच देवास पोहोचायचा. एवढ्या जबाबदारीने, न चाखता, कच्च्या काकडीत मीठ घालणारा हात हा काही साधा हात नव्हे.

येथे कोणी शबरीचे उदाहरण देईल. बोर चाखून गोड तेवढेच रामास दिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. वाल्मीकिरामायणात शबरी रामासाठी वनातील फळेमुळे गोळा करून ठेवते, एवढाच उल्लेख आहे. चाखण्याचा प्रसंग पुढील काळातील भक्तिपरंपरेने जोडला. तो का जोडावा लागला याचा विचार केला म्हणजे दंडक किती पक्का होता हे कळते. नियम मोडणाऱ्या भक्तीचे कौतुक करावयाचे तर नियम आधी सर्वांच्या अंगवळणी पडलेला असावा लागतो. पुरीच्या जगन्नाथाच्या स्वयंपाकघरातही महाप्रसाद चाखून पाहण्याची चाल नाही, आणि तेथे शेकडो मडकी रोज चुलीवर चढतात.

आता लेखी पुराव्याकडे वळू. तो आपल्याकडे नाही असे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात अन्नभोग नावाचे प्रकरण आहे. हिंगाचे पाणी व सैंधव यांचा उल्लेख त्यात पुन्हा पुन्हा येतो, आणि आपल्या फोडणीची व मिठाची पाळेमुळे किती जुनी आहेत हे त्यावरून दिसते. सतराव्या शतकात रघुनाथपंडिताने 'भोजनकुतूहल' लिहिले, त्यात अन्नपदार्थांचे गुणदोष वैद्यकाच्या व धर्मशास्त्राच्या अंगाने सांगितले आहेत. तंजावरच्या सरफोजी राजांच्या काळी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात, मराठीत 'शरभेंद्र पाकशास्त्र' तयार झाले आणि ते तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जपले गेले. हे सारे राजवाड्यांतले पुरावे आहेत. परातीपुढे बसलेल्या बाईची वा रांदप्याची साक्ष त्यांत नाही, आणि ती घेण्याची कोणास गरजही वाटली नाही.

वैद्यकाची गोष्ट निराळी. तेथे मापाशिवाय चालत नाही. शार्ङ्गधराच्या संहितेचा तर आरंभच मानपरिभाषेने होतो. औषध मापावाचून योजता येत नाही असे तो प्रथमच बजावतो. पण ही मापे पाहिली तर त्यांच्या मुळाशी पुन्हा हातच सापडतो. प्रसृति म्हणजे पसा, अंजलि म्हणजे ओंजळ. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील द्रव्यांचे प्रमाण सांगताना ज्याची त्याची स्वतःची ओंजळ हे माप धरले आहे. मोठ्या देहास मोठी ओंजळ, लहान देहास लहान. ज्यास आपण आज प्रमाण म्हणतो, म्हणजे जे सर्वांना सारखे असते, त्याच्या हे अगदी उलट. तरी त्यास अशास्त्रीय म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

आपल्या स्वयंपाकघरातील भाषा अजून त्याच जुन्या परंपरेत वावरते. चिमटीभर मीठ, नखभर हिंग, पेरभर आले, सुपारीएवढी चिंच, बोराएवढा गूळ, मूठभर कोथिंबीर. ही सगळी मापे एक तर हाताच्या अवयवांची आहेत, नाही तर हातात सहज येणाऱ्या वस्तूंची. आणि या सर्वांवर एक शब्द सार्वभौम आहे, तो म्हणजे चवीपुरते.

या शब्दाची थट्टा करणारे पुष्कळ भेटतात. आमचे एक तरुण सहकारी म्हणतात की ज्यास प्रमाण माहीत नाही तो 'चवीपुरते' लिहितो. आम्ही त्यांना १८७२ च्याच करार कायद्याचे ४६ वे कलम वाचावयास सांगितले. करारात मुदत लिहिलेली नसेल तर वचन वाजवी वेळेत पुरे केले पाहिजे, असे ते कलम म्हणते. आणि वाजवी वेळ कोणती, हा प्रत्येक प्रकरणी वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, असे त्याच्या स्पष्टीकरणात नमूद आहे. कायदा करणाऱ्यास आकडा लिहिता येत नव्हता काय? सहज येत होता. पण बैलगाडीने माल पाठविणारा व्यापारी आणि घर बांधून देणारा गवंडी यांना एकच आकडा लावला तर न्याय होणार नाही, हे त्यास समजत होते. कोशिंबिरीत तसेच आहे. ज्येष्ठातली काकडी आणि माघातली काकडी यांत पाणी सारखे नसते. एका झाडाची दोन लिंबे एकसारखी आंबट नसतात. सकाळचे दही दुपारी निराळे असते. जिन्नसच जेथे अस्थिर तेथे आकडा स्थिर ठेवणे म्हणजे चूक कायम करणे होय.

छापील पाकपुस्तकांनी आकड्यांचा मार्ग धरला, हे ओघानेच आले. मराठीतील आरंभीच्या छापील पाकग्रंथांपैकी रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आले, आणि सासरी गेलेल्या कितीतरी मुलींनी ते वापरून जीर्ण केले. त्या काळची मापे शेर, पावशेर, अदपाव, तोळा, मासा. कायद्याचा शेर ८० तोळ्यांचा, आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅमचा. बाजारातला शेर मात्र गावोगाव निराळा, आणि इंदुरात छापलेले वा मुंबईत छापलेले पुस्तक हैदराबादच्या स्वयंपाकघरात उघडले म्हणजे प्रश्न पडे की हा शेर कोणता.

मग १९५६ साली मापे व वजने यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला. १९५७ च्या १ एप्रिलला रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि १९५८ च्या १ ऑक्टोबरपासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला. काही वर्षांत शेर आणि तोळा हद्दपार झाले. तोळा तेवढा सराफाच्या दुकानात लपून राहिला. आमच्या घरच्या फडताळात एक जुने पाकपुस्तक आहे, मुखपृष्ठ गेलेले. त्यातील पावशेर व अदपाव आमच्या मुलांना समजत नाहीत. जे जे त्या पुस्तकात मोजून सांगितले आहे ते ते अर्थ हरवून बसले आहे. ज्या ओळीत 'मीठ चवीपुरते' म्हटले आहे ती मात्र आजही जशीच्या तशी लागू आहे, तिची कोणतीही दुरुस्ती करावी लागत नाही. मोजलेला शब्द मेला व न मोजलेला जगला, हा आमच्या पाहण्यातला एक चमत्कारच आहे. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले, आणि त्यात वाटी-चमच्याचे माप होते. त्या पुस्तकाच्या यशाची कारणे अनेक असतील. आमच्या मते एक हेही की त्यांनी माप पुन्हा घरच्या भांड्यात, म्हणजे हाताच्या जवळ, आणून ठेवले.

घर सोडून जाणाऱ्यांबरोबर काय जाते, याचाही विचार येथे केला पाहिजे, कारण या मासिकाचे वाचक बहुतेक कधी ना कधी घर सोडलेल्यांचे वंशज आहेत. १५६० च्या सुमारास व त्यानंतरच्या काही वर्षांत साष्टी, बार्देश व तिसवाडी येथील देवळांवर संकट आले, तेव्हा मंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून नदीपार अंत्रुजात गेली. तो महाल तेव्हा आदिलशाहीच्या अमलाखाली होता. देवांबरोबर माणसे गेली, आणि कित्येक त्याही पलीकडे, कानड्या किनाऱ्यावर व घाटावर गेली. या लोकांनी बरोबर काय नेले असेल? मूर्ती, पोथ्या, थोडे सोने. पाकग्रंथ कोणी नेला असेल असे वाटत नाही. तरी चार शतकांनंतर अंत्रुजात व कारवारात आंब्याचे सासव वाढले की दोन्हीकडची माणसे ते आपलेच म्हणून खातात. मोहरी व खोबरे यांचे नाते हातांतून हातांत गेले. पुढे मराठी फौजांबरोबर व संस्थानांबरोबर आपली घरे ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्यास गेली तेव्हा समुद्रकाठचा नारळ मागे राहिला, आणि कोशिंबिरीत दाण्याच्या कुटास मान मिळाला. कानडी मुलखातील कोसंबरी आणि आपली कोशिंबीर या शब्दांचे साम्य तर कोणाच्याही ध्यानात यावे. तेथे रामनवमीस मुगाची डाळ भिजवून कोसंबरी करतात, आपल्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास हरभऱ्याची वाटली डाळ व पन्हे.

कोशिंबिरीत कोणता जिन्नस आपला व कोणता परका, हा वाद आम्ही घालणार नाही, पण दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. हिरवी मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून अमेरिकेहून आली, आणि भुईमूगही मूळचा दक्षिण अमेरिकेचा. ज्या राजवटीने देव हलविण्यास भाग पाडले त्याच राजवटीच्या जहाजांनी आपल्या पानाच्या डाव्या बाजूची चव बदलली. श्राद्धाच्या स्वयंपाकात अनेक घरी अजून मिरचीऐवजी मिरे वापरतात, आणि पुरीच्या महाप्रसादातही मिरची, बटाटा, टोमॅटो वर्ज्य आहेत. पितरांच्या पानावर तेवढी जुनी चव राहिली आहे. मिऱ्याचा तिखटपणा हाताने जोखणाऱ्या बाईस मिरची प्रथम हाती आली तेव्हा किती कोशिंबिरी बिघडल्या असतील कोण जाणे.

मिठाकडे परत येऊ. ज्या मिठाचे माप घराने कधी घेतले नाही, त्याचे माप सरकारने मात्र फार काटेकोरपणे घेतले. गोव्याच्या मिठागरांतील मीठ बैलांच्या तांड्यांनी घाट चढून देशावर जात असे. इंग्रजांना त्यावर कर हवा होता. १८७८ च्या डिसेंबरात इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात करार झाला, १८८० च्या जानेवारीत तो अमलात आला, आणि गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांची देखरेख बसली. मोबदला म्हणून पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये मिळत. मीठ पिकविणारा आगरी आणि ते वाहणारा बैलवाला यांना त्यातले काय मिळाले, हे सांगावयास नको. करार १८९२ पर्यंत चालला. घाटावर मणामागे कर १८८२ साली २ रुपये होता, १८८८ साली तो अडीच रुपये झाला. गरिबाच्या चुलीजवळ 'चवीपुरते' या शब्दाचा अर्थ तेव्हा जिभेपेक्षा कनवटीने ठरत असला पाहिजे. १९३० च्या मे महिन्यात गोव्याच्या सरहद्दीस लागून असलेल्या शिरोड्यास सत्याग्रही मीठ उचलावयास जमले, आणि लाठ्या खाल्ल्या. कर शेवटी १९४७ साली गेला. एवढ्या इतिहासाने भरलेले मीठ रांदप्याच्या त्या साडेतीन मुठींत होते, हे आम्हांस त्या वेळी सुचले नाही.

युरोपातही, जेथे तराजूची एवढी प्रतिष्ठा, तेथे कच्च्या पाल्यावर तेल व शिरका घालून जे कालवण करतात ते तेथील जाणत्यांनी हातावरच सोपविलेले दिसते. इंग्लंडात जॉन एव्हलिन या विद्वानाने १६९९ साली केवळ सॅलडवर एक ग्रंथ लिहिला. तो रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकी. साहजिकच त्याने तेल तीन भाग व शिरका किंवा लिंबू एक भाग असे प्रमाण दिले. मिठाशी आल्यावर मात्र 'थोडेसे' एवढ्यावरच त्यास थांबावे लागले. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत परागंदा झालेला दाल्बिन्याक नावाचा एक उमराव लंडनला उपाशी मरावयाचा, तो खाणावळीतल्या काही तरुणांच्या आग्रहावरून सॅलड कालवून दाखविल्यामुळे तरला. पुढे तो गाडीतून घरोघर जाऊ लागला, बरोबर नोकर आणि शिरके, तेले व मसाले यांची महागनीची पेटी. ८०,००० फ्रँकांहून अधिक जमवून तो मायदेशी परतला. ही हकीकत ब्रिया-साव्हाराँ याने १८२५ साली छापून आलेल्या आपल्या ग्रंथात दिली आहे. तो स्वतः न्यायाधीश होता, आणि त्या पेटीतील बाटल्यांची नावे तो सांगतो, प्रमाण सांगत नाही. स्पेनकडची एक म्हण तर आम्ही कोर्टातील मित्रांना मुद्दाम ऐकवितो. सॅलडास चार माणसे लागतात म्हणे. तेल घालावयास उधळ्या, शिरका घालावयास चिक्कू, कालवावयास वेडा, आणि मीठ घालावयास वकील. ही शेवटची नेमणूक आमच्या धंद्याच्या लौकिकास धरून आहे की नाही, हे पक्षकारांनी सांगावे.

इतके सगळे अंदाजाच्या बाजूने सांगितल्यावर विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे, नाही तर हा लेख एकतर्फी होईल. आमच्या घरी आत्या होती. अकाली वैधव्य आल्यामुळे तिचे सारे आयुष्य आमच्याच घरी गेले, आणि सणावाराचा सोवळ्याचा स्वयंपाक तिच्याच हातचा. आमच्या लहानपणी घरात खडे मीठ असे, दगडी बरणीत. पुढे कधीतरी पिशवीतले बारीक आयोडिनयुक्त मीठ आले, आणि तिची कोशिंबीर खारट होऊ लागली. दोष तिचा नव्हता. खड्यांच्या मधे पोकळी राहते, बारीक मीठ दाबून बसते. तीच चिमूट आता अधिक वजनाची झाली. पण हे तिला कोण सांगणार? नैवेद्य झाल्यावर पहिला घास घेऊन वडील गप्प राहत, आई ताक वाढी, आणि आत्या आमच्या तोंडाकडे पाहत बसे. तीस वर्षे न चुकलेला हात चुकू लागला म्हणजे माणसाला काय वाटते, हे आम्ही तेव्हा पाहिले. सहा-आठ महिने तसे चालले. मग एक दिवस कोशिंबीर पूर्वीसारखी झाली, आणि त्याविषयी घरात कोणी अवाक्षर काढले नाही.

पुढे तिची दृष्टी मंदावली. तेव्हा आमच्यातला वकील जागा झाला आणि आम्ही वही-पेन्सिल घेऊन तिची जबानी घेण्यास बसलो. साक्षीदार मुळीच सरळ नव्हती.

"आत्या, काकड्या किती?"

"माणसे किती?"

"सहा धर."

"मग तीन. कोवळ्या असल्या तर चार. कडू आहे का ते आधी बघ. तू बघणार कसा म्हणा, सोवळ्यात असलास तर देठाकडचा तुकडा दुसऱ्या कोणाला तरी चाखायला दे."

"मीठ?"

"मिठाची घाई करू नकोस. आधी घातलेस तर पाणी सुटेल आणि सगळे मीठ पाण्याबरोबर खाली बसेल."

"पण किती?"

"अरे, हातात घे, कळेल."

"कूट?"

"ओले दिसेनासे होईपर्यंत."

आम्ही हे सारे लिहून घेतले. लिंबासमोर 'बघून' असे आहे, साखरेसमोर 'लिंबू बघून' असे आहे, आणि मिठासमोरची जागा कोरी आहे. काकडीच्या पाण्याविषयी ती बोलली ते मात्र शास्त्रशुद्ध होते. काकडीत शंभरात सुमारे पंचाण्णव भाग पाणी. मीठ लागताच ते बाहेर येऊ लागते, आणि पाव तासाने परातीतली कोशिंबीर ही पहिली कोशिंबीर राहत नाही. अंत्रुजातल्या रांदप्याने नैवेद्याची वर्दी येईपर्यंत कुंडीस हात का लावला नाही, हे आम्हांस त्या दिवशी तेथे उभे असताना उमगले, ते आत्याच्या या बोलण्यामुळे.

आत्या जाऊन आता नऊ वर्षे झाली. तिची भांडी वाटली गेली. त्यासाठी मृत्युपत्राची गरज पडली नाही. पितळेची परात आमच्याकडे आहे. देवळातून परतल्यावर आमच्या थोरल्या कन्येने ती वही मागून घेतली आणि गेल्या गणेश चतुर्थीस कोशिंबीर आपण करणार असे जाहीर केले. मिठासमोरची कोरी जागा पाहून तिने विचारले, "बाबा, येथे काय लिहायचे राहिले?" आम्ही तिला काहीच सांगू शकलो नाही. तिने बरणीतून मीठ हातात घेतले, थोडे परत टाकले, पुन्हा थोडे घेतले, आणि आरतीची घंटा वाजेपर्यंत मूठ तशीच धरून बसली.

कोशिंबीर किंचित अळणी झाली होती. आईने आपल्या पानातले मीठ लावून ती खाल्ली, आणि मुलीला म्हणाली, "पुढच्या वेळी आणखी एक चिमूट."